टर्मिनल पहिल्यांदा उघडताना: विंडोज, लिनक्स आणि मॅक

एमएस-सीआयटी करून माऊस, वर्ड आणि एक्सेल हातात बसलेली माणसं सोलापुरात घरोघरी सापडतील. टॅलीवर बिलं काढणारी आहेत, टॉवेल-चादरींची डिझाइन कॉम्प्युटरवर करणारी आहेत. पण त्याच कॉम्प्युटरवर टर्मिनल उघडा म्हटलं की हात थांबतो. खरं तर उघडणं म्हणजे दोन-तीन बटणांचं काम. पुढे जे समोर येतं त्याची धास्ती असते: काळी विंडो, त्यात एक ओळ आणि लुकलुकणारा कर्सर. कुठे क्लिक करायचं ते कळत नाही, कारण क्लिक करण्यासारखं तिथे काही नसतंच.

म्हणून उघडण्याच्या पद्धती सांगतो, पण जास्त वेळ त्या पहिल्या ओळीवर घालवतो. ती ओळ वाचता आली की आपण कुठे आहोत ते कळतं, आणि नवशिक्यांच्या बहुतेक चुका तिथेच टळतात.

सुरुवातीलाच एक खुलासा. या लेखात कमांडची अक्षरं सुटी करून लिहिली आहेत. 'डी-आय-आर' असं दिसलं तर कीबोर्डवर ती तीन इंग्रजी अक्षरं लहान लिपीत, एकमेकांना लागून टाइप करायची. मधल्या आडव्या रेघा टाइप करायच्या नाहीत. स्पेस हवी तिथे 'स्पेस' असं लिहिलं आहे. ती विसरलात तर कमांड चालत नाही. आकडेही इंग्रजीच टाइप करा.

दुसरी गोष्ट कीबोर्डच्या भाषेची. डीटीपीच्या दुकानात, शाळेत किंवा सरकारी कामाच्या कॉम्प्युटरवर कीबोर्ड बऱ्याचदा मराठीवर राहिलेला असतो. टर्मिनलमध्ये मराठी अक्षरं उमटायला लागली तर विंडोज १० किंवा ११ वर विंडोजचं बटण धरून स्पेस दाबा, भाषा बदलेल. उबुंटूवरही (हा विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सचा एक प्रकार) हेच चालतं. कमांड चालत नाही म्हणून हैराण झालेल्या माणसाच्या स्क्रीनवर कोपऱ्यात 'मराठी' लिहिलेलं असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

हे नेमकं आहे काय

टर्मिनल म्हणजे टाइप केलेली आज्ञा घेणारी आणि उत्तर अक्षरांत दाखवणारी विंडो. तिच्या आत आज्ञा ऐकणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो, त्याला शेल म्हणतात. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट आणि पॉवरशेल असे दोन शेल मिळतात, लिनक्सवर बहुतेक ठिकाणी बॅश असतो, नव्या मॅकवर झेडशेल. विंडो सारखीच दिसली तरी आतला शेल वेगळा असेल तर काही कमांड बदलतात. इंटरनेटवरून उचललेली कमांड आपल्याकडे चालत नाही, त्याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

सोलापूरकराला या गोष्टीचं मूळ परकं नाही. जेकार्ड मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या फिरतात, भोकाप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जातात आणि चादरीवर नक्षी उमटते. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास ही रचना आणली. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात हीच कार्डं घेतली, आणि हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांनी अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेची मोजणी भोकं पाडलेल्या कार्डांवर केली. विसाव्या शतकात बराच काळ कॉम्प्युटरला काम सांगायचं ते अशा कार्डांवरूनच. मग टेलिप्रिंटर आले, मग स्क्रीन आणि कीबोर्ड असलेली टर्मिनल यंत्रं. डीईसी कंपनीचं १९७८ सालचं व्हीटी१०० हे त्यातलं गाजलेलं यंत्र. आज आपण जे टर्मिनल उघडतो, ते त्या यंत्राचं काम सॉफ्टवेअरमधून करतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग आणि कॉम्प्युटर एकाच छताखाली दिसतात, तेव्हा मला या नात्याची फार गंमत वाटते.

विंडोजवर

सगळ्यांत भरवशाची पद्धत अशी: विंडोजचं बटण धरून आर दाबा. डाव्या कोपऱ्यात 'रन' नावाची छोटी चौकट येईल. तिच्यात 'सी-एम-डी' टाइप करून एंटर दाबा. कमांड प्रॉम्प्ट उघडेल. विंडोज ७ असो, १० असो की ११, हे तिन्हींवर चालतं. जुना कॉम्प्युटर अजून चालवणाऱ्यांनी एवढं एकच लक्षात ठेवलं तरी पुरे.

कमांड थेट रनच्या चौकटीत टाकू नका. काळी विंडो क्षणभर चमकते, काम करते आणि उत्तर वाचायच्या आत बंद होते. आधी 'सी-एम-डी' उघडा, मग आत कमांड द्या.

दुसरी पद्धत स्टार्ट मेनूची. विंडोजचं बटण दाबून सोडा आणि लगेच 'सी-एम-डी' किंवा पॉवरशेलचं स्पेलिंग टाइप करायला लागा. नाव वर येईल, एंटर दाबा. विंडोजचं बटण धरून एक्स दाबलं तर कोपऱ्यात एक यादी येते. विंडोज ११ वर तिच्यात टर्मिनल दिसतं, १० वर साधारणपणे पॉवरशेल. विंडोज टर्मिनल हे मायक्रोसॉफ्टचं नवं अ‍ॅप २०२० साली पक्क्या स्वरूपात आलं. त्यात टॅब असतात, म्हणजे एका टॅबमध्ये कमांड प्रॉम्प्ट आणि शेजारी पॉवरशेल ठेवता येतं. विंडोज १० वर ते नसेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून फुकट मिळतं.

मला स्वतःला सगळ्यांत उपयोगी वाटते ती तिसरी पद्धत, आणि नवशिक्यांना ती क्वचितच कुणी सांगतं. हवं ते फोल्डर नेहमीसारखं माऊसने उघडा. वर जिथे फोल्डरचा पत्ता दिसतो, त्या पट्टीवर क्लिक करा, पत्ता निळा होईल. त्यावरच 'सी-एम-डी' टाइप करून एंटर दाबा. कमांड प्रॉम्प्ट थेट त्या फोल्डरमध्येच उघडतो. ड्राइव्ह बदला, फोल्डर शोधा, स्पेलिंग तपासा ही सगळी यातायात वाचते. विंडोज ११ वर फोल्डरच्या रिकाम्या जागी राइट क्लिक केलं तरी टर्मिनलमध्ये उघडण्याचा पर्याय दिसतो. विंडोज १० वर शिफ्ट धरून राइट क्लिक करावं लागतं, तिथे बहुधा पॉवरशेलचा पर्याय मिळतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसात कधी विंडो उघडते, पण कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बंद केल्याचा इंग्रजी मेसेज दिसतो. कॉम्प्युटर बिघडलेला नसतो. ते मुद्दाम बंद केलेलं असतं. लॅबच्या सरांना विचारा, आडवाटेने उघडायच्या मागे लागू नका.

लिनक्सवर आणि मॅकवर

उबुंटू आणि लिनक्स मिंटवर कंट्रोल, अल्ट आणि टी ही तीन बटणं एकत्र दाबा, टर्मिनल समोर. काही लिनक्समध्ये हा शॉर्टकट लावलेला नसतो. तिथे विंडोजचं बटण दाबून टर्मिनलचं स्पेलिंग टाइप करा. केडीई डेस्कटॉप असेल तर त्याच्या टर्मिनलचं नाव कॉन्सोल आहे, शोधताना ते ध्यानात असू द्या. फोल्डरमध्ये राइट क्लिक करून टर्मिनल उघडायची सोय इथेही बहुतेक ठिकाणी असते.

कधी चुकून कंट्रोल, अल्ट आणि एफ३ दाबलं जातं आणि सगळा डेस्कटॉपच गायब होऊन पूर्ण स्क्रीन काळी होते. काही गेलेलं नसतं. कंट्रोल आणि अल्ट धरून एफ१ किंवा एफ२ दाबून पाहा, कधी एफ७ ला परत मिळतो. उघडलेल्या फाइली होत्या तशाच असतात.

मॅकवर कमांडचं बटण धरून स्पेस दाबा, टर्मिनलचं स्पेलिंग टाइप करा, एंटर. २०१९ च्या कॅटालिना या मॅकच्या आवृत्तीपासून नव्या खात्यांना आत झेडशेल मिळतो. पुढे लिनक्ससाठी जे सांगतो त्यातलं बहुतेक मॅकवर तसंच चालतं.

ती पहिली ओळ वाचा

आता उघडलेल्या विंडोकडे नीट पाहा. कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी ड्राइव्हचं अक्षर दिसतं, साधारणपणे सी, मग दोन टिंबं, मग उलटी तिरपी रेघ, यूजर्स, पुन्हा रेघ, तुमचं यूजरनेम आणि शेवटी > हे चिन्ह. हा तुम्ही आत्ता ज्या फोल्डरमध्ये उभे आहात त्याचा पत्ता आहे. त्याच ओळीच्या सुरुवातीला पी-एस ही अक्षरं असतील तर तुम्ही पॉवरशेलमध्ये आहात.

उबुंटूवर यूजरनेम, मग @, मग कॉम्प्युटरचं नाव, दोन टिंबं, ~ हे नागमोडी चिन्ह आणि शेवटी $ दिसतं. नागमोडी चिन्ह म्हणजे तुमचं स्वतःचं होम फोल्डर. मॅकच्या झेडशेलमध्ये $ च्या जागी % असतं. शेवटी # दिसलं तर थांबा: तुम्ही सर्वाधिकार असलेल्या रूट यूजरच्या नावाने काम करताय, आणि शिकायला ती जागा नव्हे.

विंडोजमध्येही अशी खूण आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडलं तर विंडोच्या वरच्या पट्टीत तसं लिहिलेलं असतं आणि पत्ता तुमच्या फोल्डरचा नसून विंडोजच्या आतल्या सिस्टिम३२ चा असतो. पत्त्यात ते नाव दिसलं आणि तुम्हाला मुद्दाम तिथे जायचं नव्हतं, तर विंडो बंद करा आणि साध्या पद्धतीने पुन्हा उघडा.

पहिली कमांड म्हणून 'डब्ल्यू-एच-ओ-ए-एम-आय' द्या आणि एंटर दाबा. तुम्ही कोणत्या नावाने लॉगइन केलंय तेवढंच ती सांगते, काही बदलत नाही, आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालते. उत्तर आलं आणि ती पत्त्याची ओळ पुन्हा खाली उमटली, म्हणजे काम संपलं, पुढची कमांड देता येते. ती ओळ परत आलेली नसेल तर आधीचं काम अजून चालू आहे. त्या वेळी टाइप करत राहू नका.

मग आजूबाजूला काय आहे ते पाहा. विंडोजवर 'डी-आय-आर', लिनक्स आणि मॅकवर 'एल-एस'. फोल्डरमधल्या फाइलींची नावं येतील. दुसऱ्या फोल्डरमध्ये जायला 'सी-डी', स्पेस, फोल्डरचं नाव. एक पायरी मागे यायला 'सी-डी', स्पेस, आणि शेजारी-शेजारी दोन फुलस्टॉप. नाव पूर्ण टाइप करू नका. पहिली दोन-तीन अक्षरं टाकून टॅब दाबा, उरलेलं आपोआप भरलं जातं. टॅब दाबून काहीच भरलं गेलं नाही तर बहुधा त्या नावाचं फोल्डर इथे नाही, किंवा सुरुवात चुकली. टॅबची ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

इथे अडखळण्याच्या तीन जागा आहेत. लिनक्सवर लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, म्हणून डेस्कटॉपच्या स्पेलिंगचं पहिलं अक्षर मोठं हवं. विंडोजला फरक पडत नाही. नावात स्पेस असेल तर पूर्ण नाव दुहेरी अवतरण चिन्हांत घाला. आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये सी ड्राइव्हवरून डी वर जायला नुसतं 'सी-डी' पुरत नाही. डी अक्षर आणि त्याला लागून एक विसर्गासारखं दोन टिंबांचं चिन्ह टाइप करून एंटर दाबा, ड्राइव्ह बदलेल, मग फोल्डरमध्ये शिरा. विंडोजवर डेस्कटॉपमध्ये गेलात आणि तिथल्या फाइली दिसल्याच नाहीत, तर तुमचा डेस्कटॉप वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये हलवलेला असू शकतो. पत्त्याच्या पट्टीतून उघडलंत तर हाही गोंधळ होत नाही.

हाताला खरं काम द्या

नुसतं आत-बाहेर करून कुणी शिकत नाही. समजा, चादरीच्या शोरूममध्ये डी ड्राइव्हवर डिझाइनच्या फोटोंचं मोठं फोल्डर आहे आणि पुण्याच्या व्यापाऱ्याला सगळ्या डिझाइन नंबरांची यादी एक्सेलमध्ये हवी आहे. एकेक नाव बघून टाइप करायला दुपार जाईल. त्याऐवजी ते फोल्डर उघडा, पत्त्याच्या पट्टीतून 'सी-एम-डी' चालवा आणि ही कमांड द्या: 'डी-आय-आर', स्पेस, / चिन्ह आणि त्याला लागून 'बी', स्पेस, > चिन्ह, स्पेस, मग 'वाय-ए-डी-आय', टिंब, 'टी-एक्स-टी'. एंटर. स्क्रीनवर काहीच दिसणार नाही, पण त्या फोल्डरमध्ये 'यादी' नावाची नवी टेक्स्ट फाइल तयार असेल. ती नोटपॅडमध्ये उघडा, कॉपी करा, एक्सेलच्या एका रकान्यात पेस्ट करा. यादीत त्या नव्या फाइलचं स्वतःचं नावही आलेलं असतं, ते काढून टाका.

लिनक्स आणि मॅकवर 'एल-एस', स्पेस, >, स्पेस आणि फाइलचं नाव एवढंच पुरतं. पॉवरशेलमध्ये / आणि 'बी' चालत नाही, तिथे त्याऐवजी - चिन्ह आणि लागून 'एन-ए-एम-ई'. फोटोंना मराठीत नावं दिली असतील तर हे काम पॉवरशेलमधूनच करा. कमांड प्रॉम्प्टने बनवलेल्या फाइलमध्ये मराठी अक्षरांच्या जागी बहुधा प्रश्नचिन्हं येतात.

> या चिन्हाबद्दल मात्र सावध राहा. त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर ती न विचारता पुसून नवी लिहिली जाते. जुन्या मजकुराच्या खाली जोडायचं असेल तर हेच चिन्ह दोनदा, म्हणजे >> असं द्या.

दुसरं उपयोगी काम इंटरनेट बंद पडल्यावरचं. विंडोजवर 'आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी' द्या. उत्तरात डीफॉल्ट गेटवे नावाच्या ओळीसमोर आकडे दिसतील, तो तुमच्या राउटरचा पत्ता. आता 'पी-आय-एन-जी', स्पेस, ते आकडे. राउटरकडून रिप्लाय आला नाही तर राउटर, वायर किंवा वायफाय तपासा. तिथून रिप्लाय आला, तर तीच कमांड ८.८.८.८ या पत्त्यावर द्या. तो गुगलचा सार्वजनिक सर्व्हर आहे. तिथून एकही रिप्लाय नसेल तर अडचण बहुधा तुमच्या घराबाहेरच्या लाइनमध्ये आहे, आणि ब्रॉडबँडवाल्याला फोन करताना हे नेमकं सांगता येतं. विंडोज चार वेळा विचारून आपोआप थांबतं. लिनक्स आणि मॅकवर ते चालूच राहतं, कंट्रोल आणि सी दाबून थांबवावं लागतं.

अडकलात तर

कंट्रोल आणि सी हे जोडबटण पाठ करा. चालू काम थांबवायला बहुतेक वेळा तेच लागतं. त्यामुळेच लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कॉपी करायला कंट्रोल, शिफ्ट आणि सी असतं, पेस्टला कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही.

विंडोजच्या जुन्या विंडोत मध्येच माऊस क्लिक झाला तर चालू काम गोठल्यासारखं होतं आणि वरच्या पट्टीत 'सिलेक्ट' लिहून येतं. एस्केप दाबा, पुढे चालू होईल. लिनक्सवर सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल आणि एस दाबलं जातं आणि टर्मिनल मुकं होतं. कंट्रोल आणि क्यू दाबल्यावर परत बोलायला लागतं. लिनक्सवर पासवर्ड विचारला आणि टाइप करताना काहीच उमटत नसेल तरी कीबोर्ड ठीक आहे. पासवर्ड मुद्दाम दाखवला जात नाही, टाइप करून एंटर द्या. (काही लिनक्समध्ये मात्र अक्षरांच्या जागी तारका दिसतात.)

वर बाणाचं बटण दाबलं की आधीची कमांड परत येते, एक अक्षर चुकलं म्हणून सगळं पुन्हा टाइप करायला नको. काम झालं की 'ई-एक्स-आय-टी' देऊन बाहेर पडा.

अपडेट किंवा डिस्क दुरुस्तीसारखी लांबणारी कमांड यूपीएस नसलेल्या कॉम्प्युटरवर देताना विचार करा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी लाइट गेली आणि अपडेट अर्ध्यात तुटलं तर कॉम्प्युटर पुन्हा नीट सुरू होईलच असं नाही. पाहणाऱ्या, मोजणाऱ्या साध्या कमांडना हा धोका नसतो.

दुसऱ्याने दिलेली कमांड

हे शेवटी लिहितोय, पण सगळ्यांत कळकळीने. हल्ली काही खोट्या वेबसाइट 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा' म्हणून सांगतात: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. त्या पानाने तुमच्या नकळत एक कमांड कॉपी करून ठेवलेली असते आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. मागून पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम उतरतो. कोणतीही खरी वेबसाइट माणूस ओळखण्यासाठी रन किंवा टर्मिनल उघडायला सांगत नाही. बँकेतून किंवा कॉम्प्युटर कंपनीतून बोलतोय म्हणणारा कुणी फोनवर काळी विंडो उघडायला लावत असेल तर फोन ठेवा. घरातल्या आजी-आजोबांना आणि दुकानातल्या पोरांना हे आवर्जून सांगा. टर्मिनल माहीत नसलेला माणूसच यात आधी सापडतो.

ओळखीच्या माणसाने किंवा चांगल्या लेखाने दिलेली कमांडसुद्धा थेट पेस्ट करू नका. आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करून पाहा. अनेक ओळींचा मजकूर टर्मिनलमध्ये टाकला की प्रत्येक ओळ एंटर न दाबता चालू शकते. लिनक्सवर सुरुवातीला 'एस-यू-डी-ओ' असेल तर ती सर्वाधिकार मागते आहे. 'आर-एम' किंवा 'डी-ई-एल' दिसलं तर फाइली पुसल्या जाणार आहेत, आणि टर्मिनलमधून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही.

अशी फसवी कमांड चालवली गेलीच असेल तर लगेच वायर काढा किंवा वायफाय बंद करा. पासवर्ड बदला, पण त्या कॉम्प्युटरवरून नाही, दुसऱ्या मोबाइलवरून. आधी ईमेलचा, मग बँकेचा. पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. तो कॉम्प्युटर जाणत्या माणसाकडून तपासून, गरज पडली तर विंडोज नव्याने टाकून घेतल्याशिवाय त्यावर बँकेचं काम करू नका.